साधं पेट्रोल

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणून मुद्दाम. पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. मी फोन लावला की बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज आपोआप बारीक होतो, हे तुला माहीत आहे. आणि तुमच्या प्रयोगशाळेत पेट्रोलच्या धास्तीने फोन दारातच काढून घेतात. तेव्हा कागदच बरा. उत्तर घरी पाठवू नकोस, ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठव. मास्तर दुसऱ्याचं पाकीट फोडत नाहीत.

बाबांची गाडी विकायची ठरली. तुझ्या दादाने गिऱ्हाईक आणलं आणि आतलं सामान काढायला मला सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या सीटवर बसले. पुढच्या कप्प्यात चष्मा पुसायचा फडका, दोन वाळलेली पेनं आणि गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक होतं. बाबांनी ते कधी उघडलेलं दिसत नाही, पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी सोडवली. पेट्रोलच्या पानावर स्वच्छ छापलंय की या गाडीला साधं पेट्रोल योग्य आहे. बाबा तिला इतकी वर्षं वरच्या ऑक्टेन आकड्याचं, त्यांच्या भाषेत 'राजेशाही', पाजत होते. म्हणायचे, गाडी माणसासारखी असते, चांगलं खाऊ घातलं की सकाळी पटकन उठते.

त्या दिवसाबद्दल तुला सगळ्यांनी सांगितलं असेल. मी कधी सलग सांगितलं नाही. आदल्या सकाळी मी पंपावर गेले तर राजेशाहीची नळी बंद, वर पाटी लावलेली. दुसरा पंप नदीपलीकडे. मास्तरांकडे गाडी शिकवायचा तास गाठायचा होता, म्हणून साधं भरलं. गाडी नेहमीसारखी घरी आली. संध्याकाळी तुझा दादा तीच घेऊन बॅडमिंटनला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, शेजारी तुझा दादा, स्टिअरिंगवर मी. गाडी सुरू झाली नाही. बारा मिनिटं मी किल्लीशी झटत होते. मग रस्त्यावर धावले, एका बेकरीची व्हॅन आडवी जाऊन थांबवली. रुग्णालय येईपर्यंत बाबांचं बोलणं थांबलं होतं. तिथल्या बाकावर आईंनी विचारलं, "गाडीला काय झालं होतं?" तुझा दादा म्हणाला, "काल हिने साधं पेट्रोल भरलं."

एवढंच वाक्य. ते अजून आपल्या घरात राहतं. आई माझ्याशी सरळ बोलत नाहीत, भिंतीला सांगतात आणि मी ऐकते. पाहुण्यांना म्हणतात, पूल ओलांडायचा आळस केला आणि माणूस गेला. माझी चिंगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तेव्हापासून ती आजीजवळ झोपते आणि मी चालवत असेन तर गाडीत बसत नाही. आता तसाही प्रश्न येत नाही. किल्ली हातात घेतली की माझी बोटं गार पडतात. मास्तरांकडे आठवड्यातून दोनदा फळ्यावर वाहतुकीच्या खुणा शिकवते, गाडी शिकवत नाही.

तू दिवसभर पेट्रोलचा आकडाच काढत असतेस. या घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला एकच सांग. साध्या पेट्रोलने गाडी सुरू व्हायची थांबते का?

तुझी,
वहिनी


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. तू इतकं मनाला लावून घेतलं असशील असं वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही गं. प्रत्येक इंजिन वेगळं असतं. कुणाला साधं मानवतं, कुणी चढावर कुरकुरतं. बरीच वर्षं एका प्रकारचं पेट्रोल घातलं आणि अचानक बदललं तर काय होतं, हे ती गाडी समोर असल्याशिवाय कुणी छातीठोक सांगणार नाही. माहितीपुस्तकं नव्या गाडीची असतात. आणि नुसतं टकटक करून गप्प बसणाऱ्या गाडीला पन्नास कारणं असू शकतात. प्रयोगशाळेत बसून मी कुठलं सांगू?

माझं ऐकशील तर गाडी विकली जातेय ते बरंच आहे. डोळ्यांसमोरून गेली की मनातूनही जाईल. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की झटका मोठा होता, पंधरा मिनिटांनी किती फरक पडला असता कुणास ठाऊक. आईचा स्वभाव तुला माहीत आहे. तिला कुणावर तरी राग काढायला हवा होता. दादालाही आतून कमी त्रास नाही, तो दाखवत नाही एवढंच.

चिंगीच्या वाढदिवसाला फोन करीन. इकडे कामाचा नुसता रगाडा आहे, दोन जण सुट्टीवर. तू तब्येत सांभाळ, पुन्हा गाडी हातात घे. तुझ्यासारखी चालवणारी मी पाहिली नाही.

तुझी,
वन्सं (घे, म्हटलं)


२८ जानेवारी

वन्सं,

मी माझ्या पत्रात लिहिलं होतं, "गाडी सुरू झाली नाही." पुन्हा वाच, तुझ्याकडे आहे. टकटक हा शब्द त्यात कुठेही नाही.

तो आवाज गाडीतल्या तिघांनी ऐकला. त्यांतले बाबा गेले. मी सेल मारला की नुसतं टक, टक व्हायचं आणि समोरचे दिवे मिणमिणायचे. इंजिन फिरलंच नाही. मी म्हणालेसुद्धा, "बॅटरी गेलीय." तुझा दादा मागून म्हणाला, "बॅटरीला काही झालेलं नाही. परत मार." मी परत मारला. नंतर त्याने सगळ्यांना वेगळंच सांगितलं. मी रस्त्यावर धावल्यावर म्हणे त्याने स्वतः पुढे येऊन सेल मारला, तेव्हा इंजिन छान घरघरत फिरत होतं, फक्त पेट घेत नव्हतं. म्हणजे दोष पेट्रोलचा. मी म्हटलं, अरे, पण माझ्या हातात तर ते फिरतही नव्हतं. तो म्हणाला, तुझ्या हाताला कापरं भरलं होतं, किल्ली अर्धीच फिरत असेल. हे मला पटलं, वन्सं. चारशे माणसांना गाडी शिकवलेल्या बाईला किल्ली फिरवता आली नाही, हे मी मान्य केलं. त्यानंतर टकटक हा शब्द मी कुणापुढे उच्चारला नाही. आईंपुढे नाही, मास्तरांपुढे नाही, तुझ्यापुढे तर नाहीच. घरात, नात्यात, शेजारी सगळीकडे इंजिन घरघरत फिरल्याचीच गोष्ट गेली.

मग तुला टकटक कुणी सांगितली?

आणखी एक. माहितीपुस्तकाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात मला एक कार्ड सापडलं. तेव्हा मुद्दाम लिहिलं नाही. तू काय म्हणतेस ते आधी बघायचं होतं. नव्या बॅटरीचं हमीचं कार्ड आहे ते, खाली तुझ्या दादाची सही. तारीख बाबा गेल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची. घरात माणसं बसायला येत होती, मी आत चहा करत होते, आणि तो "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला होता.

पेट्रोलचा दोष होता तर बॅटरी का बदलली?

वहिनी


२२ फेब्रुवारी

पत्र पोचल्याची पोच मास्तरांकडे आली आहे. सही तुझीच आहे. मी वाट बघते आहे.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

सात वेळा लिहून फाडलं. हे फाडणार नाही.

साध्या पेट्रोलने गाडी सुरू व्हायची थांबत नाही. हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, आणि ते नाही असं आहे. आकडा जेवढा वरचा, तेवढं पेट्रोल इंजिनातल्या दाबाने आपणहून भडकायला नाखूश, एवढाच त्याचा अर्थ. ज्या इंजिनात दाब फार, त्याला वरच्या आकड्याचं लागतं, नाहीतर चढावर ते ठणठण वाजतं, थोडं कमी ओढतं. तरी सुरू होतं. बाबांच्या गाडीला त्याची गरजही नव्हती. आमच्या प्रयोगशाळेत एक लहान इंजिन आहे, आकडा काढायचं. सकाळी गेल्यावर मी ते जे पेट्रोल हाताशी असेल त्यावर सुरू करते. रोज होतं. आणि ज्या गाडीत टकटक होऊन इंजिन फिरतच नाही, तिथे पेट्रोलची पाळीच येत नाही. टाकीत काय आहे याने काही बिघडत नाही.

हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी दादाचा मला फोन आला होता, बॅडमिंटनहून घरी निघताना. हसत होता. गाडीचे दिवे चालू ठेवूनच तो खेळायला गेला, बाहेर येऊन बघतो तर बॅटरी पार उतरलेली, नुसतं टकटक. मित्राच्या गाडीला वायर जोडून सुरू केली. म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस हं, नाहीतर फळा काढून माझा तास घेईल." मीही हसले. तो म्हणाला, बॅटरी जुनीच झालीय, रविवारी बघतो. तिथून घर तर पाच मिनिटांवर, तेवढ्यात ती काय भरणार होती.

बाबा गेल्यावर मी आले, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याने मला गच्चीवर नेलं. म्हणाला, "एकदा तोंडातून निघून गेलं. आता मागे घेतलं तर आई मला दारात उभं करणार नाही. तू फक्त गप्प राहा." मला वाटलं, महिन्याभरात विरेल. दुःखात माणसं काहीबाही बोलतात, नंतर विसरतात. आईचा नवरा गेला होता, तिचा मुलगाही तिच्यापासून तोडायचा का, असा विचार केला. तू सोसशील हे मी धरूनच चालले. सोशीक आहेस म्हणून नव्हे. तू बाहेरून आलेली म्हणून. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

गप्प राहिले एवढंच असतं तर कदाचित याआधी सांगितलं असतं. त्याच संध्याकाळी आईने मला जवळ बसवून विचारलं, "तू त्यातली शिकलेली. खरं सांग, साध्या पेट्रोलने असं होतं का?" दादा समोर उभा होता. मी म्हणाले, "होऊ शकतं."

आई ज्या खात्रीने बोलते ना, ती खात्री माझी आहे.

सोबत आईच्या नावे वेगळं पत्र ठेवलं आहे. त्यात हे सगळं आहे, शेवटच्या दोन शब्दांसकट. द्यायचं की नाही ते तू ठरव. तू म्हणशील ते मला मान्य.

लिहिल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटतंय.

तुझी


६ एप्रिल

ताई,

तुम्ही मला वयाने लहान, पण यापुढे मी तुम्हाला तुम्हीच म्हणणार आहे. परक्या माणसाला एकेरी हाक मारायची मला सवय नाही.

आईंचं पत्र तुम्ही माझ्या पाकिटात घातलंत आणि द्यायचं की नाही ते माझ्यावर सोपवलंत. तुमच्या आईचा पत्ता तुम्हाला पाठ आहे. तिकीट लावलं असतं तर पोस्टमनने दिलं असतं. ते ओझंही मीच उचलायचं होतं. बरं, उचललं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते आईंच्या पुढ्यात ठेवलं. तुमचा दादा तिथेच पेपर वाचत होता. अक्षर बघूनच त्याने पेपर खाली केला. आईंनी पत्र दोनदा वाचलं. मग दार लावायला सांगितलं. भिंतीला नाही, मला सांगितलं.

मी त्याच्याकडे बघून म्हणाले, "बारा मिनिटं तुला माहीत होतं."

त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "दर वेळी वाटत होतं, आता लागेल, आता लागेल. लागली असती तर सांगायची वेळच आली नसती."

"मी बॅटरी म्हणाले तेव्हा तू परत मार म्हणालास."

"हो."

"तेव्हाच बोलला असतास तर मी त्याच क्षणी रस्त्यावर धावले असते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी सातला माहीत असतं." आणि तो रडायला लागला. आई उठल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी दारापाशी उभी होते. दोन वर्षं माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला नव्हता, पण ते असो.

तो आत गेल्यावर आई मला म्हणाल्या, "बस." बसले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. फार नको होतं, एखादा शब्द पुरला असता. त्या म्हणाल्या, "जे झालं ते झालं. हे आता घराबाहेर जाऊ देऊ नकोस. त्याला चार लोकांत वावरायचं असतं. लोकांना जे ठाऊक आहे ते ठाऊकच राहू दे. तुला काय, तुला आता सवय झालीय."

अगदी मायेने म्हणाल्या. चहा टाकू का म्हणूनही विचारलं.

मी विचारलं, "आणि चिंगीला?"

"ती लहान आहे. तिच्या डोक्यात कशाला नसतं भरायचं?"

जे भरलं होतं ते यांनीच भरलं होतं, ताई. मी उठले आणि दोन बॅगा भरल्या. मास्तरांच्या ऑफिसमागे दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे आलो. चिंगी यायला तयार नव्हती. आजीला घट्ट धरून उभी राहिली. मी तिला ओढलं नाही, फक्त म्हणाले, "चार दिवस ये. नाही आवडलं तर परत सोडीन." ती टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

पहिल्या रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला मास्तरांच्या जुन्या गाडीत बसवलं. तिच्यातली बॅटरी काढून तिथे कोपऱ्यात पडलेली एक मेलेली बॅटरी जोडली आणि किल्ली तिच्या हातात दिली. तिने फिरवली. टक, टक. मी म्हटलं, हा तो आवाज. मग चांगली बॅटरी परत लावली. टाकीत साधंच पेट्रोल आहे, या गाडीने जन्मात दुसरं पाहिलेलं नाही. तिने पुन्हा फिरवली, गाडी सुरू झाली. पोरगी हुशार आहे. एकच प्रश्न विचारला, "मग बाबा आणि आत्या तसं का म्हणाले?"

मी तिला काय सांगू? माझ्या तोंडून आलं तर ते आईने बाबांविरुद्ध सांगितलेलं होईल. आजीने तिची तशी तयारी करून ठेवली आहे. तिला ते तुमच्याकडून कळायला हवं, तुमच्या अक्षरात, तिच्या नावाच्या पाकिटात. या वेळी तिकीट तुम्हीच लावा.

तुम्ही लिहिलंत, तुम्हाला हलकं वाटलं. शेवटी खरं सांगितलंत, त्याबद्दल मी तुमचे आभार मानावेत अशी तुमची अपेक्षा असेल. माझ्याने होत नाही. दादा भित्रा आहे, तो अडकला होता. तुम्ही अडकला नव्हता. तुम्ही तिकडे रोज सकाळी साध्या पेट्रोलवर इंजिन सुरू करत होता, आणि मी इकडे फळ्यावर खुणा काढत होते.

मला पुन्हा लिहू नका. चिंगीला लिहा.

तिची आई


२ मे

आत्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानी होतं म्हणून दोन दिवसांत वाचलं. आईने वाचायला मागितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, तुझं आहे.

आकड्याचं तू लिहिलंस ते सगळं कळलं. मास्तर आजोबांनीही गाडीचं झाकण उघडून दाखवलं. आई आता परत गाडी शिकवते. पहिल्या दिवशी किल्ली लावण्याआधी तिने बोटं दोनदा तळव्यात चोळली, मी शेजारीच बसले होते म्हणून दिसलं. शिकायला आलेल्या काकू मागे बसल्या होत्या, त्यांना दिसलं नाही.

मी आईला सॉरी म्हटलं, दोन वर्षं तिच्या गाडीत बसले नाही म्हणून. ती म्हणाली, तुझं काही चुकलं नाही, तुला कुणी खरं सांगितलंच नव्हतं.

बाबा रविवारी भेटायला येतात. मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हातात घेतलं नाही. त्यांनी विचारलं, शाळा कशी चाललीय. मी म्हटलं, बरी.

तू लिहिलंस की मी रागावले असेन तर तसं लिही. मला राग आला की नाही ते कळत नाही. फक्त एक गोष्ट सारखी आठवते. माझ्या दोन्ही वाढदिवसांना तुझा फोन आला होता. दोन्ही वेळा शेवटी तू म्हणालीस, आजीचं ऐकत जा.

मी ऐकत होते.

चिंगी